घरचे नियम: बेसमेंटमधल्या टेबलावरचा कायदा

 

मागच्या महिन्यात नेपरव्हिलच्या एका ताईंचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘माझा मुलगा आठवीत आहे. दर दुसऱ्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये सहा-सात मुलं जमतात आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. चार तास खेळ चालतो, त्यातला निम्मा वेळ नियमांवरून वाद. जाडजूड पुस्तकं समोर असताना हे भांडतात तरी कशावरून? आणि मी मध्ये पडावं की नाही?’

ताई, प्रश्न छान आहे. मी स्वतः गेली नऊ वर्षं हा खेळ चालवते. माझ्या टेबलावर चार मुलं, दोन मोठी माणसं आणि एक लिंबूटिंबू अशी मंडळी असतात. लिंबूटिंबूची गोष्ट पुढे सांगते. आजचा विषय आहे या खेळातले घरचे नियम. मुलं त्यांना ‘हाउस रूल्स’ म्हणतात. ते का लागतात, कसे करायचे, आणि ते चुकले की मैत्री कशा तुटतात, हे बोलू या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. या खेळात सोंगट्या पुढे सरकवून कुणी जिंकत नाही. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण खेळ चालवतो, त्याला डन्जन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. आपल्या भाषेत सूत्रधार म्हणा. सूत्रधार सांगतो, ‘समोर एक मोडका पूल आहे, खाली नदी, पलीकडे कंदील हलतोय.’ खेळाडू सांगतात आपण काय करणार. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर नाही. अशी गोष्ट महिनोन्‌महिने चालते. माझ्या टेबलावरची सध्याची गोष्ट अडीच वर्षं चालू आहे. अडीच वर्षांत दहा वर्षांचा मुलगा साडेबारा वर्षांचा होतो, आणि त्याचं पात्र त्याच्याबरोबर वाढतं. म्हणून एखाद्या नियमावरून डोळ्यांत पाणी आलं तर हसू नका.

आता पुस्तकांकडे येऊ. पुस्तकात सगळं लिहिलंय, मग घरचे नियम कशाला, असं ताईंना वाटतं. गंमत अशी की ती पुस्तकंच मुळात घरच्या नियमांतून तयार झाली आहेत.

आपल्यापैकी किती तरी जण उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला जातात. शिकागोहून गाडीने दीड तास. तळ्यातली बोटीची फेरी, आइस्क्रीम, फोटो आणि परत. त्याच गावात गॅरी गायगॅक्स राहायचे. त्यांनी आणि मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी मिळून तयार केलेला हा खेळ १९७४ साली छापला गेला. एका लहान खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या खेपेला एक हजार प्रती.

त्याआधीची गोष्ट ऐका. आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांना घेऊन ब्लॅकमूर नावाच्या एका काल्पनिक प्रदेशातला खेळ चालवत होते. लढाईसाठी त्यांनी गायगॅक्स यांच्याच एका जुन्या युद्धखेळाचे नियम घेतले होते. त्या नियमांत घाव बसला की माणूस मेला, विषय संपला. युद्धखेळात ते चालतं, कारण तिथे तुमच्याकडे शंभर सैनिक असतात. पण इथे प्रत्येकाचा एकच माणूस होता, आणि मित्रांचा त्या माणसावर जीव जडला होता. एका फाशात तो मरावा हे कुणालाच नको होतं. आर्नेसन यांनी त्यापूर्वी अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी युद्धनौकांच्या खेळासाठी नियम केले होते. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, थोडं थोडं खिळखिळं होत जातं. ती कल्पना त्यांनी माणसांना लावली. तेच हिट पॉइंट्स. आज कुठलाही व्हिडिओ गेम उघडा, कोपऱ्यात एक लाल पट्टी दिसते ना, ती कमी कमी होत जाते? तिच्यामागे ही कल्पना आहे. मित्रांना वाईट वाटू नये म्हणून एका टेबलावर केलेला घरचा नियम.

दुसरं उदाहरण. पहिल्या तीन पुस्तिकांत चोराचं पात्रच नव्हतं. ते कॅलिफोर्नियातल्या काही खेळाडूंनी आपल्यापुरतं तयार केलं, त्याची बातमी गायगॅक्स यांच्या कानावर गेली, आणि १९७५ च्या पुरवणीत चोर अधिकृत झाला.

तिसरं उदाहरण ताजं आहे. २०१४ च्या पुस्तकानुसार जखमी पात्राला औषधाची कुपी प्यायची असेल तर त्याची त्या पाळीतली मुख्य कृती खर्च व्हायची. म्हणजे अर्धा तास तुमची पाळी यायची वाट बघायची, आणि आली की काय केलं? तर औषध प्यायलो. मुलांना हे फार कंटाळवाणं वाटायचं. त्यामुळे असंख्य टेबलांवर घरचा नियम झाला की औषध पिणं ही छोटी कृती धरायची, त्याच पाळीत तलवारही चालवता यावी. २०२४ मध्ये पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली तेव्हा तो नियम पुस्तकातच गेला.

तेव्हा ताई, तुमची मुलं पुस्तकासमोर भांडतात म्हणजे पुस्तकाचा अपमान करतात असं नाही. पुस्तक ज्या रस्त्याने आलं त्याच रस्त्याने ती चालली आहेत.

आणि खरं सांगायचं तर हे आपल्याला नवीन नाही. गल्लीतलं क्रिकेट आठवा. एक टप्पा एक हात आउट. समोरच्या भिंतीला थेट लागला तर चार, पण जोशीकाकूंच्या गॅलरीत गेला तर आउट, शिवाय बॉल मारणाऱ्यानेच आणायचा. हे काही लॉर्ड्सच्या नियमपुस्तकात नव्हतं. गल्ली अरुंद होती, काचेचे पैसे भरायला कुणाकडे नव्हते, आणि काकू बॉल परत द्यायच्या नाहीत. त्या अडचणींतून नियम निघाला. पत्त्यांचंही तसंच. एका घरचा झब्बू दुसऱ्या घरच्या झब्बूसारखा नसतो, म्हणून पाहुणे आले की पानं वाटण्याआधी कुणीतरी विचारायचं, ‘तुमच्याकडे कसं खेळतात?’ तो प्रश्न पानं वाटण्याआधी विचारायचा असतो, हे मात्र लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ.

आता नियम करायचा कसा, याबद्दल.

पहिली गोष्ट, नियम कुठल्या अडचणीसाठी आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘औषध पिण्यात पाळी वाया जाते आणि मूल कंटाळतं’ ही अडचण आहे. ‘भारी वाटेल’ ही अडचण नाही. माझ्या टेबलावर कुणी नवा नियम सुचवला की मी आधी विचारते, ‘मागच्या तीन बैठकांत हे कधी नडलं?’ उत्तर आलं नाही तर नियम थांबतो. अर्ध्या सूचना इथेच गळतात, आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

दुसरी गोष्ट, फाशांचा हिशेब करा. इथे जरा आकडेमोड आहे, पण आपल्याकडे इंजिनिअरांची काही कमी नाही, तेव्हा बिनधास्त सांगते.

फार लोकप्रिय असा एक घरचा नियम आहे. मुलं त्याला ‘फंबल’ म्हणतात. हल्ला करताना वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तर नुसता वार चुकतो एवढंच पुस्तक म्हणतं. फंबलवाले म्हणतात, नाही, काहीतरी फजिती व्हायला हवी. तलवार हातातून निसटेल, धनुष्याची दोरी तुटेल, वार स्वतःच्या मित्राला लागेल. ऐकायला मजा वाटते. आता हिशेब बघा. एका वेळी एक वार करणाऱ्या नवशिक्या योद्ध्याला एक पडण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे पाच टक्के. पुस्तकानुसार योद्धा पाचव्या पातळीला पोचला की एका पाळीत दोन वार करतो, अकराव्या पातळीला तीन. तीन फाशांपैकी निदान एकावर एक पडण्याची शक्यता चौदा टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे माणूस जितका कसलेला, तितकी त्याच्या हातून तलवार जास्त वेळा पडते! पाच पाळ्यांची एक लढाई धरली तर पंधरा फासे होतात, आणि निदान एक फजिती होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. इकडे जादूगार आगीचा गोळा टाकतो तेव्हा तो हल्ल्याचा फासाच टाकत नाही, वाचण्यासाठी फासे शत्रूने टाकायचे असतात. म्हणजे अशा मंत्रांत जादूगाराची फजिती होतच नाही. नियम सगळ्यांना सारखा लिहिलेला, पण दंड जास्त भरतो योद्धा.

हे नुसतं गणित नाही. माझ्या माहितीतल्या एका टेबलावर हे घडलेलं आहे. खेळ चालवणारा कॉलेजातला मुलगा, हौशी आणि हुशार. त्याने फंबलचा तक्ता आणला. योद्धा खेळणारा पंधरा वर्षांचा, अबोल मुलगा होता. एका संध्याकाळी एक पडला, तक्त्यावर फासा टाकला, आणि निघालं की वार शेजारच्या मित्राला लागून त्याचा उजवा हात तुटला. तो मित्र धनुर्धारी. एका हाताने धनुष्य कसं ओढणार? टेबल हसलं. ती दोन मुलं हसली नाहीत. धनुर्धारीवाला म्हणाला, ‘तू माझ्या शेजारी उभाच का राहिलास?’ योद्धावाला म्हणाला, ‘मी फासा टाकला, मी काय करू?’ दोघांचंही खरं होतं. पुढच्या बैठकीला त्यातला एक आला नाही, त्याच्या पुढच्या बैठकीला दुसरा आला नाही. दोघांचे आईवडील मराठी शाळेला आळीपाळीने गाडी न्यायचे, तेही बंद झालं. दोष त्या दोन मुलांचा नव्हता. दोष अशा नियमाचा होता जो कुणी मोजून पाहिला नव्हता.

असंच दुसरं उदाहरण. फाशावर वीस पडला की जोरदार घाव बसतो, त्याला क्रिटिकल म्हणतात. पुस्तकानुसार नुकसानीचे फासे दुप्पट टाकायचे. त्यात कधी कधी दोन्ही फाशांवर एक-एक पडतो आणि ‘जोरदार’ घाव मुळमुळीत निघतो. म्हणून बऱ्याच टेबलांवर नियम असतो की पहिला फासा टाकायचा नाही, त्याचा सर्वांत मोठा आकडा धरायचा आणि दुसरा टाकून त्यात मिळवायचा. मुलं खूश. पण तोच नियम राक्षसांनाही लागू होतो. समजा गॉब्लिनची तलवार सहा बाजूंचा एक फासा अधिक दोन इतकं नुकसान करते. पुस्तकानुसार त्याच्या क्रिटिकलने चार ते चौदा नुकसान होईल. घरच्या नियमानुसार नऊ ते चौदा. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराकडे आठ हिट पॉइंट्स असणं अगदी सामान्य आहे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे तो कधी कधी तरी उभा राहील, घरच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी आडवा. आणि एक लक्षात घ्या, गॉब्लिन एका संध्याकाळपुरता येतो, तुमचं पात्र शेकडो घाव झेलणार असतं. खेळात जितकी उलथापालथ वाढवाल तितकी ती शेवटी खेळाडूंच्याच अंगावर येते. नियम करूच नका असं मी म्हणत नाही. माझ्याकडे हा नियम आहे, पण तिसऱ्या पातळीनंतर. तोवर जादूगार जरा बाळसं धरतो.

जरा संगीत ऐकू, आणि मग पुढे जाऊ.

(संगीत)

श्रोतेहो, आपण घरच्या नियमांबद्दल बोलत आहोत. अडचण सांगा, फासे मोजा, इथवर आलो होतो.

तिसरी गोष्ट, नियमामुळे कुणाचा फायदा होतो आणि कोण बाहेर राहतो, ते बघा. माझ्या टेबलावर मुलांनीच एक प्रस्ताव आणला होता. गोष्टीतल्या एखाद्या माणसाला पटवायचं असेल, पहारेकऱ्याला किंवा सराफाला, आणि खेळाडू ते संभाषण मराठीतून करेल, तर त्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता यावा. दोन फाशांचा फायदा चांगलाच मोठा असतो. जिथे अकरा किंवा जास्त लागतात तिथे एका फाशाने पन्नास टक्के शक्यता असते, दोन फाशांनी पंचाहत्तर. मला प्रस्ताव अर्थातच आवडला. एरवी ‘येस आई, नो आई’ एवढ्यावर भागवणारी मुलं पहारेकऱ्याला ‘अहो दादा, जरा ऐकून तर घ्या’ म्हणायला लागली, तर कुणाला नको आहे?

आमच्याकडे कुठलाही नवा नियम आधी तीन बैठका कच्चा असतो. तो वहीत पेन्सिलीने लिहायचा. तिसऱ्या बैठकीला या नियमाची चर्चा झाली. टेबलावर एक मेक्सिकन कुटुंबातला मुलगा आहे, माझ्या भाच्याच्या वर्गातला. तो काही बोलला नाही, पण भाच्याने त्याच्या वतीने विचारलं, ‘मावशी, याला दोन फासे कधीच मिळणार नाहीत का?’ त्यावर सगळ्यांनी मिळून शब्द बदलले. आता वहीत शाईने लिहिलंय, ‘घरी बोलली जाणारी कुठलीही भाषा, मोडकी चालेल, पण टेबलावरच्या बाकीच्यांना नंतर अर्थ सांगायचा.’ त्या मुलाने सराफाशी स्पॅनिशमध्ये जी घासाघीस केली ती ऐकून आमच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ‘मोडकी चालेल’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे ठरले. ज्या मुलीला मराठी कमी येतं ती आधी गप्प बसायची. आता ती वाक्य जुळवते, अडते, बाजूच्याला शब्द विचारते आणि फासे उचलते.

आता लिंबूटिंबू. आपल्या लहानपणी धाकटं भावंड खेळायला आलं की त्याला लिंबूटिंबू करायचे. तो पळेल, पकडेल, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. माझ्या टेबलावर दोन खेळाडूंची सात वर्षांची धाकटी बहीण येते. तिला पूर्ण पात्र झेपत नाही, आणि नुसती बघत बसवली तर ती फासे लपवते. म्हणून तिच्यासाठी नियम आहे. ती मंडळींबरोबरचा कोल्हा खेळते. त्या कोल्ह्याला कुणी मारू शकत नाही, त्याला कुणाला मारता येत नाही, आणि बैठकीत एकदा तो कुणालाही न दिसलेली एक गोष्ट हुंगून शोधतो. ती गोष्ट काय ते ती ठरवते, खरी कितपत ते मी ठरवते. गेल्या वर्षी त्या कोल्ह्याने शोधलेल्या एका लाल चपलेवरून आमची चार महिन्यांची गोष्ट उभी राहिली.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. नियम कधी बदलायचा, आणि कधी नाही.

आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे की बैठक चालू असताना नियम बदलणार नाही. शंका आली तर सूत्रधार त्या वेळेपुरता निर्णय देईल, तो त्या संध्याकाळी पाळायचा, वाद पुढच्या बैठकीच्या आधी. हे लिहायला सोपं आहे. पाळायचं कसं, ते आम्हाला गेल्या हिवाळ्यात कळलं.

तेरा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे दीड वर्ष एक वनरक्षक खेळत होती. त्या पात्रासाठी तिने वही भरून चित्रं काढली होती. एका किल्ल्यातून पळताना तिचं पात्र पडलं. पुस्तकानुसार पडलेलं पात्र प्रत्येक पाळीला फासा टाकतं, दहा किंवा वर आला तर यश, खाली आला तर अपयश. तीन यशं आधी आली तर जीव स्थिरावतो, तीन अपयशं आधी आली तर मरण. तिचे सात, चार आणि नऊ आले. सगळ्यांसमोर, उघड्यावर. मेलेल्याला मिनिटाभराच्या आत परत आणणारा एक मंत्र आहे, पण त्याला तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे लागतात, आणि आमच्या मंडळींनी हिरे दोन बैठकांपूर्वीच दुसऱ्या एकासाठी वापरले होते. ते कुणाच्या लक्षातच नव्हतं.

टेबल गप्प झालं. मग तिची मैत्रीण म्हणाली, ‘मावशी, एवढ्या वेळी सोड ना. हिरे होते असं म्हण.’

आमच्याकडे मरणाबद्दल एक घरचा नियम आहे. तो त्या मुलीसकट सगळ्यांनी बसून ठरवलेला होता. मरणारं पात्र शेवटचं एक काम करतं, आणि ते फासा न टाकता सफल होतं. मी तिला विचारलं, ‘शेवटचं काम काय?’ बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, ‘मी दरवाज्याचा दोर कापते.’ लोखंडी दरवाजा खाली आला, पाठलाग करणारे पलीकडे अडकले, बाकीचे पाच जण वाचले. ती रडली. मैत्रीणही रडली.

रात्री तिच्या बाबांचा फोन आला. ते म्हणाले, ‘ताई, खेळच आहे ना? एवढं ताणायचं कशाला? पोरगी जेवली नाही.’ प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं की आज हिरे निघाले असते तर ती रडली म्हणून निघाले, हे तिला आयुष्यभर माहीत राहिलं असतं, आणि बाकीच्या पाच जणांनाही. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं पात्र पडलं, आणि तो रडणारा नसला, तर? दोर कापून पाच जणांना वाचवलं हे तिने स्वतः केलेलं आहे, ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. ते म्हणाले, ‘बघू.’ त्यांना पटलं असं मला वाटलं नाही, आणि तसं त्यांनी म्हटलंही नाही.

पुढच्या बैठकीला ती आली. नवं पात्र केलं नव्हतं. खेळ सुरू व्हायच्या आधी, वादाच्या वेळेत, तिने हात वर केला. मला वाटलं मरणाचा नियम काढा म्हणेल. तिने वेगळंच मांडलं. ‘हिरे किती उरलेत हे सगळ्यांना सतत दिसलं पाहिजे. मला माहीत असतं तर मी मागे थांबले नसते.’ प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून टेबलाच्या मधोमध एक स्टीलची वाटी असते, तिच्यात काचमणी. एक मणी म्हणजे तीनशे मुद्रांचे हिरे. वाटी रिकामी झाली की मुलांचं बोलणं आपोआप हळू होतं, आणि दार उघडण्याआधी ती दोनदा विचार करतात. त्या नियमाचा तिच्या वनरक्षकाला काहीच उपयोग नव्हता. पुढच्या माणसासाठी केलेला नियम होता तो. आता ती त्या किल्ल्यातल्याच एका स्वयंपाकिणीचं पात्र खेळते, आणि वाटीतले मणी मोजायचं काम तिच्याकडे आहे.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आईवडिलांनी मध्ये पडावं का?

निवाडा करायला पडू नका. तुम्ही खाली जाऊन ‘याचं बरोबर, त्याचं चूक’ म्हणालात की खेळाचा सूत्रधार तुम्ही झालात, आणि पुढच्या प्रत्येक भांडणाला हाक वरच्या मजल्यावर येईल. पण एक गोष्ट जरूर करा. मुलांना एक वही द्या आणि शांतपणे विचारा, ‘तुमचे घरचे नियम कुठे लिहिलेत?’ बहुतेक भांडणं नियम चुकीचा असल्याने होत नाहीत. नियम फक्त एकाच्या डोक्यात असतो आणि त्याला तो सोयीच्या वेळी आठवतो, त्याने होतात. पत्ते वाटण्याआधी ‘तुमच्याकडे कसं खेळतात’ असं विचारायची आपली जी रीत, तीच इथे लागू आहे. नवी गोष्ट सुरू करण्याआधी एक बैठक नुसती ठरवाठरवीची ठेवायची, असं आता अधिकृत पुस्तकंही सुचवतात. त्यात नियम तर ठरतातच, पण गोष्टीत काय नको हेही ठरतं. एखाद्याला कोळ्यांची खरीखुरी भीती असते, एखाद्याच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. तसं असेल तर त्याने कारण सांगायची गरज नाही, टेबलाने ती गोष्ट बाजूला ठेवायची. आमच्याकडे हे वहीच्या दुसऱ्या पानावर आहे.

नियम फार असावेत असंही नाही. आमचे नऊ वर्षांनंतर मोजून अकरा आहेत आणि ते दीड पानात बसतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, आम्ही सगळे मोठ्याने वाचतो. जो नियम वर्षभरात एकदाही लागला नाही तो खोडतो. नवं कुणी आलं तर पुन्हा वाचतो आणि त्याची सही घेतो. लिंबूटिंबूचीही. तिची सही म्हणजे कोल्ह्याचं चित्र.

आपली मुलं इथे दोन प्रकारचे कायदे बघत मोठी होतात. एक शाळेचे, दुसरे आपल्या घरचे. दोन्ही त्यांना तयार मिळतात, दोन्हींत त्यांचं मत कुणी विचारलेलं नसतं. बेसमेंटमधल्या त्या टेबलावर मात्र नियम मांडणारी तीच, मोजणारी तीच, आणि तो पाळताना ज्याला त्रास होतो तोही त्यांच्यातलाच असतो. चौदाव्या वर्षी ही सवय लागली तर पुढे एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीत ती आपल्यापेक्षा बरं वागतील अशी मला आशा आहे. तिथल्या सभा तुम्हीही पाहिल्या आहेत, मी जास्त बोलत नाही.

तुमच्या घरी असा खेळ चालत असेल, किंवा तुमच्या गल्लीतल्या क्रिकेटचा एखादा अजब नियम आठवत असेल, तर जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या महिन्यात वाचून दाखवू. तोवर फासे उघड्यावर टाका, आणि वही हाताशी ठेवा.

नमस्कार.